मेलेल्यांच्या बिऱ्हाडातला म्हातारा

१२ जानेवारी

मास्तर,

साडू म्हणून एक नमस्कार आणि माझ्याहून मोठे म्हणून दुसरा. मुलीकडे पोचल्यावर लगेच लिहितो असं कबूल केलं होतं आणि आता निम्मी थंडी सरली. उशिराबद्दल माफ करा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, तेव्हा लिहिण्यावाचून सुटका नव्हतीच. पण आधी तुमचा पत्ता ट्रंकेच्या तळाशी गेला, मग मला खोकला झाला, आणि खरं सांगायचं तर पोरगी काय काम करते हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगावं तेच कळेना. तुम्ही जन्मभर पोरांचे निबंध तपासलेत, मी चौथी शिकलेला लिफ्टमन. हे वाचतानाही तुमच्या हातात लाल पेन असणार. असू द्या.

तर सांगतो. आपली पोरगी भुतं हलवते.

ती राहते त्या दोन खोल्यांच्या खालीच एक शेड आहे. पूर्वी तिथे बर्फाचा कारखाना होता म्हणे, त्यामुळे भिंती जाड आणि खिडकी एकही नाही. आत मोठ्या टेबलावर माझ्या छातीएवढा किल्ला उभा केलाय आणि त्यात वीतभर उंचीची भुतं राहतात. आतून तारेचा सांगाडा, वरून रबराची कातडी. मुलगी एका भुताचा हात केसभर हलवते, मागे सरकते, फोटो काढते, पुन्हा केसभर हलवते. असे ढीगभर फोटो भराभर दाखवले की भूत चालायला लागतं. दिवसभर राबून संध्याकाळी पदरात काय पडतं, तर एक म्हातारं भूत खुर्चीवरून उठलं. मी म्हटलं, "अगं, मलाही उठायला एवढाच वेळ लागतो, मला नाही कोणी पगार देत." तर हसली आणि म्हणाली, "पुन्हा उठा बघू, बाबा." गुडघे कसे आहेत ते बघत असेल. तेवढी काळजी करते.

हे सगळं टीव्हीवर लागतं. नाव 'मेलेल्यांचं बिऱ्हाड'. लहान मुलांना झोपवून मोठ्यांनी बघायचं आणि हसायचं. मी एक भाग पाहिला. एक पट्ट्या गुंडाळलेलं प्रेत आहे, एक टक्कल पडलेला लांडगामाणूस आहे, त्याला पौर्णिमेला केस येतात ते फक्त कानात. एक टाके घातलेला राक्षस आहे, तो शिंकला की त्याचा एखादा अवयव गळून पडतो, आणि कोणता पडला ते तुम्हाला पत्रात लिहिण्यासारखं नाही. पुढे एक चेटकीण त्या प्रेताच्या पट्ट्या सोडायला लागली तेव्हा मी डोळे मिटले. एक मिटला, दुसऱ्याने बघावं लागलं, कारण शेजारी पोरगी बसली होती आणि तिला वाईट वाटलं असतं. आम्ही भुतांना भीत भीत मोठे झालो. ह्यांनी भुतांची कवळी काढून पेल्यात ठेवली. भीती गेली ती गेली, वर लाजही गेली.

आता जे लिहितो ते मनाला लावून घेऊ नका. ह्या बिऱ्हाडाचा मालक एक म्हातारा रक्तपिपासू आहे. जाड भुवया, खाली आलेले गाल, कोणी काही बोललं की "हं" म्हणतो आणि तोंड फिरवतो. मास्तर, तो हुबेहूब तुम्ही आहात. पोरगी लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे यायची, तेव्हाच तिने बघून ठेवलं असणार. मी तिला बोललो नाही. उगाच विषय कशाला.

खालच्या दाराची कडी नीट लागत नाही, त्याची वेगळीच काळजी आहे. प्रकृतीचं कळवा.

तुमचा साडू


३ फेब्रुवारी

साडूबुवा,

पत्र पोचलं. शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या नाहीत, कारण मला इतरही कामं असतात.

तुमचं पत्र आल्यावर खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींकडे जाऊन तुमच्या कन्येची ती कलाकृती पाहिली. ओळीने तीन भाग पाहिले, म्हणजे टीका करताना कोणी अर्धवट माहितीचा ठपका ठेवायला नको. घड्याळजी पोट धरधरून हसत होता. त्याला घड्याळाच्या काट्यांचंही हसू येतं, ते सोडा.

मी रोज आरशासमोर दाढी करतो. माझं तोंड मला चांगलं माहीत आहे. ते भूत मी नव्हे.

शवपेटीत आडवा झाल्यावर झाकण नीट लागलं का हे बघायला पुन्हा उठतो कोण? मग प्रेताला हाक मारून "खालचं दार लावलंस का रे" असं विचारतो कोण? प्रेत "हो" म्हणाल्यावर समाधान न होऊन स्वतःच जिना उतरतो कोण? रक्ताचा पेला दोन्ही हातांनी धरून आधी फुंकर मारतो, साडूबुवा. रक्ताला. आणि वटवाघूळ होऊन उडायची वेळ आली की म्हणतो, "आज नको, वारा आहे, छाती भरेल." हे सगळं बघून घड्याळजीने मला विचारलं, "तुमच्या ओळखीचं कोणी आहे का?" मी सांगितलं, होय, माझे साडू आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. गावाला वळसा घालून तुम्ही माझ्या दारात आलात.

आणखी एक, वाईट वाटलं तरी स्पष्ट सांगतो. "पुन्हा उठा बघू" हे गुडघ्यांसाठी नव्हतं. पोरीने तुम्हाला घरी आणलं ते सेवा करायला नव्हे, नमुना म्हणून. चित्रकार सफरचंद आणून टेबलावर ठेवतो तसं. चित्र पुरं झालं की सफरचंदाचं काय होतं, हे तुमच्या चौथीपर्यंतच्या शिक्षणातही आलं असेल.

मला मूल नाही ह्याचं आमच्या हिला फार दुःख होतं. मला कधी वाटलं नाही, आणि आता तर मुळीच नाही.

मास्तर


२० फेब्रुवारी

मास्तर,

तुमचं पत्र वाचलं त्या दिवशी घास उतरला नाही. पोरीला सांगितलं, पोट बरं नाही. मग एकटाच टीव्हीसमोर बसलो आणि त्या म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ मला तुम्हीच दिसत होता. मग तो जिना उतरला. आधी उजवा पाय, मग डावा त्याच पायरीवर, मग कठड्याला हात. मास्तर, मी टीव्ही बंद केला.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पुढे माझ्या हातून जे झालं ते ऐका.

मुलगी आणि शेडमधले बाकीचे कामकरी जेवायला बाहेर गेले होते. शेडच्या दाराची ती कडी निघाली होती, म्हणून बघायला उतरलो. आत दिवे तसेच चालू. म्हटलं विजेचं बिल कोण भरणार. टेबलाजवळ गेलो तर किल्ल्यातली शवपेटी अर्धवट उघडी. म्हातारा आत, आणि झाकणाच्या कडेवर त्याची चार बोटं. मी आयुष्यभर लिफ्ट चालवली. अर्धवट उघडं दार आणि मध्ये माणसाची बोटं, हे मला बघवत नाही, मग तो माणूस रबराचा असेना. मी बोटं अलगद आत घेतली आणि झाकण लावलं. मनाला बरं वाटलं. वर येऊन चहा ठेवला.

मुलगी वर आली ती पांढरीफटक.

"खाली कोणी हात लावला?"

"झाकण उघडं होतं, ते लावलं," मी म्हटलं.

"बाबा, झाकण उघडं नव्हतं. उघडत होतं."

"तेच ते."

"तेच कसं? सोमवारपासून उघडत होतं."

तेव्हा मला कळलं. त्या झाकणाला एवढं उघडायला तिने अख्खा आठवडा घालवला होता. आता जिथे होतं तिथे ते नेमकं परत बसवणं देवालाही जमणार नाही. पहिल्यापासून सगळं. ती ओरडली असती तर परवडलं असतं. एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही आता खाली येऊ नका." आणि माझा चहा न घेता निघून गेली.

मग जिन्यावर बोलणं कानावर पडलं. त्यांचा एक साहेब आहे, उन्हातही लोकरीची टोपी घालतो. तो म्हणाला, "शेवटच्या भागात म्हाताऱ्याचं काय ते उरकून टाक. ऊन लावायचं आणि राख." पोरगी म्हणाली, "मला माहितीये." बस, एवढंच. "मला माहितीये."

तुमचं सफरचंद आठवलं. ताट समोर आलं की जेवतो, ताट धुतो, दार लावतो. तुमच्याकडे थोडे दिवस आलो तर चालेल का? मी जमिनीवर झोपेन. मला फार लागत नाही.

तुमचा साडू


२६ फेब्रुवारी

साडूबुवा,

उलट टपाली लिहितो आहे ते केवळ तुम्ही घाबरट आहात म्हणून. उत्तर उशिरा गेलं तर तुम्ही आजारी पडाल आणि मग ते निस्तरावं लागेल.

या. थोडे दिवस कशाला, कायमचे या. मागची खोली रिकामी आहे. तिथली पुस्तकं मी भिंतीला लावून घेतली आणि घड्याळजीच्या ओळखीने एक खाट आणली. जुनी आहे, पण करकरत नाही, मी त्यावर आडवा होऊन पाहिलं. जमिनीवर झोपण्याचं नाटक माझ्या घरी चालणार नाही. खिडकी पूर्वेला आहे. तुम्हाला ऊन लागलं तरी राख होणार नाही, अशी माझी खात्री आहे.

दाराला इथे दोन कड्या आहेत. रोज हव्या तितक्या वेळा तपासा.

आता तुमच्या कन्येबद्दल. बापाची टिंगल करून पोट भरणारी मुलं मी खूप पाहिली. वर्गात मागच्या बाकावर बसायची, माझी नक्कल करायची आणि पुढे आयुष्यात काही व्हायची नाहीत. ही झाली, तेवढाच फरक. आता नक्कल पुरे झाली म्हणून तिला नमुन्याची राख करायची आहे. तुम्ही तोपर्यंत थांबायचं की आधी निघायचं, एवढंच तुम्हाला ठरवायचं आहे.

मला सोबतीची गरज आहे असा समज करून घेऊ नका. मला वाचन आहे. फक्त अलीकडे चहा नेहमी दोन कपांचा होतो आणि एक कप टाकून द्यावा लागतो, ते जिवावर येतं.

मास्तर


५ मार्च

मास्तर,

येत्या रविवारी सकाळच्या बसने निघतो. पोरीला शनिवारी सांगेन, आधी सांगितलं तर उगाच विषय वाढेल. औषधं, दोन चादरी आणि आमच्या हिचा फोटो एवढंच सामान. बस उशिरा आली तर काळजी करू नका. नाही तर मलाच तुमची काळजी लागेल.

साडू


१६ मार्च

श्री. लिफ्टमन यांस,

रविवारी मी बस स्टँडवर होतो. तुमच्यासाठी नव्हे, मला तिकडे काम होतं. सकाळची बस आली, तुम्ही नव्हता. दुपारची आली. माझं काम लांबलं म्हणून मी तिथेच होतो. संध्याकाळच्या बसमधून एक बाई आणि एक कोंबड्यांची टोपली उतरली.

येणार नसलात तर तसं कळवण्याची रीत आहे. तुमच्या इमारतीत लिफ्ट बंद असली की तुम्ही पाटी लावत होता, तेवढी अक्कल साडूच्या बाबतीत का वापरता आली नाही?

मला वाटलं होतं, तुम्ही भित्रे आहात पण शब्दाचे पक्के आहात. आता अर्धंच खरं राहिलं. तिकडेच रहा आणि लोकांना हसवा. हसतील त्यांचे दात दिसतील, तुमचे तसेही पेल्यात असतात.

यापुढे लिहिण्याची तसदी घेऊ नका.

मास्तर


२२ एप्रिल

मास्तर,

लिहू नका म्हणालात तरी लिहितो आहे. ह्याआधी दोन कार्डं टाकली, "येत नाही, कारण सविस्तर लिहितो" एवढीच. सविस्तर लिहायला हात धजेना. त्यांचंही उत्तर नाही. तेव्हा आता सगळं सांगतो, मग हवं तेवढं बोला.

शनिवारी पिशवी भरली. पोरीला सांगायला म्हणून शेडच्या दाराशी गेलो. मना केलं होतं म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबलो. आत टोपीवाला उभा होता आणि दोघांची जुंपली होती.

तो म्हणाला, "लोकांना म्हातारा नकोय आता. लांडगा तरुण करू, त्याची भानगड दाखवू. म्हाताऱ्याची राख कर आणि मोकळी हो. तीन वेळा सांगितलं तुला."

पोरगी म्हणाली, "आणि मी तिन्ही वेळा नाही म्हटलं." जिन्यावर मी त्यातलं अर्धंच ऐकलं होतं.

"मग दुसरी करेल. दुसरीने केलं तर हे टेबलही तिचं."

"असू दे तिचं."

मी पिशवी घेऊन तसाच. मास्तर, तुम्ही लिहिलं होतं की हिला माझी राख करायची घाई झालीय. इथे ती नोकरीवर पाणी सोडायला निघाली होती, आणि कशासाठी, तर वीतभर रबरासाठी. चाळिशी ओलांडलेली पोर, नवरा नाही, पाठीशी कोणी नाही, असलाच तर एक बाप, तो पिशवी भरून उभा. हे काम गेलं तर ती करणार काय? भुतं हलवण्याची दुसरी नोकरी कुठे मिळते?

मी म्हटलं, "अगं, जाळ की मला. जाळून टाक आणि जेवायला वर ये."

"बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका."

"मध्ये कसला? जाळताय मलाच ना?"

टोपीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं, मग टोपी काढून डोकं खाजवलं. इतके दिवस ह्याच जिन्यावरून ये-जा करतोय आणि गृहस्थाला आत्ता दिसलं. असले लोक जगाला काय बघावं ते शिकवतात.

तो गेल्यावर पोरगी खाली मान घालून म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

"मास्तरांनी सांगितलं."

"राग आला?"

"आला तर. मी रक्ताला फुंकर मारीन काय? रक्त गरम असतं का एवढं?"

तेव्हा ती हसली, पण डोळ्यांना पदर लावावा तशी बाही लावली. म्हणाली, "बाबा, मी हे काम शिकले तेव्हा म्हाताऱ्या माणसाला चालवायला सांगितलं. बाकीच्यांनी रस्त्यावरची माणसं बघितली. मी डोळे मिटले आणि तुम्ही चालायला लागलात. दुसरं कोणाचं उठणं-बसणं मला इतकं पाठ नाही." मग म्हणाली, "ती दुसरी त्याला एका दिवसात उडवून टाकेल. पेटला, संपला. मला ते बघवणार नाही."

"मग तू कर. सावकाश कर."

पिशवीकडे तिचं लक्ष गेलं होतं. खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "बसा. मला सांगा, ऊन अंगावर आलं आणि जळायला लागलात, तर तुम्ही आधी काय कराल?"

मी खरंच विचार केला. म्हटलं, "आधी बघेन, दार कोणी उघडं टाकलं."

मास्तर, रविवारची बस ज्या वेळी तुमच्याकडे आली, त्या वेळी मी शेडमध्ये खुर्चीवर बसून जळत होतो. "पुन्हा, बाबा. आता डावा हात." मी डावा हात जाळायचो. "आता मान." मी मान. ती बघायची, टेबलाशी जायची, म्हाताऱ्याची मान केसभर वळवायची आणि खांद्याचा कण काढून तिथे राखेची चिमूट ठेवायची. तुम्हाला कळवायचं भानच राहिलं नाही. हे कारण तुम्हाला पुरणार नाही ते मला ठाऊक आहे. मलाही पुरत नाही.

असे कितीतरी दिवस गेले. शेवटी नुसतं तोंड उरलं आणि तेही बोलतच होतं, वरच्या खिडकीची कडी कोण लावणार म्हणून. काम संपलं त्या दिवशी तिथले सगळे हसत उभे होते. रंग लावणारी मुलगी नाक पुसत होती. मी म्हटलं, पोरांनो, रबर जळल्याचा एवढा काय सोहळा. टोपीवाला म्हणाला, म्हाताऱ्याचा भाग सगळ्यांत चांगला झाला, मारायला नको होता. शहाणपण नेहमी राख झाल्यावर येतं.

तर मी इथेच राहतोय. पोरगी काही गोड झालेली नाही. काल मीठ जास्त पडलं म्हणालो तर म्हणाली, स्वतः करा. पण मी आठवण केली नाही तर ती दिवसभर उपाशी त्या दिव्यांखाली उभी असते. कोणीतरी कटकट करायला हवं, आणि ते मला जमतं.

आता तुमचं. तुम्ही तिच्याबद्दल जे जे लिहिलंत ते चुकीचं होतं, मास्तर असून चुकीचं होतं. तुम्हाला तेव्हाही ते ठाऊक होतं असं मला वाटतं. माणूस हवा असं तोंडाने म्हणता येत नाही, म्हणून दुसऱ्याच्या पोरीला नावं ठेवायची आणि तिकडे गुपचूप खाट आणायची. मीही काही कमी नाही. मला तिला विचारायची हिंमत नव्हती, म्हणून तुमचं खरं धरलं.

परवा पोरीने घड्याळजींच्या दुकानात फोन लावून दिला. तो म्हणाला, मास्तर हल्ली खाली उतरत नाहीत, हाक मारली तर "हं" म्हणतात. "हं" म्हणतात हे ऐकून जरा धीर आला. पण खाली का उतरत नाहीत? पाय दुखतोय का? पडलात का कुठे? दूधवाला वर येतो की नाही? मला इथे झोप लागत नाही आणि पोरगी म्हणते, बाबा, एवढी काळजी वाटते तर सुट्टी पडल्यावर आपण दोघं जाऊ. आम्ही येऊ. मी खाटेवर झोपेन, तिला चहाचा दुसरा कप द्या, ती थंड झालेलाही पिते. पण त्याआधी तुमच्या हातचं काहीतरी येऊ द्या. ह्या पत्रातल्या चुका लाल पेनने खुणावून परत पाठवा. भित्रा म्हणा, शब्दाचा कच्चा म्हणा, भूत म्हणा. दोन ओळी शिव्यांच्या लिहा, मास्तर, पण लवकर लिहा.

तुमचा साडू